खाडीकाठच्या पोरांनी बारावीनंतर काय शिकावं? किनारा आणि पर्यावरणाच्या अभ्यासक्रमांची माहिती

जोहे (ता. पेण) : बारावीचा निकाल लागला की गावात एकच प्रश्न फिरतो, "आता पुढं काय?" इंजिनीअरिंग, नर्सिंग, फार्मसी, नाहीतर बीकॉम. यापलीकडं कुणी बघत नाही. परवा शेजारची पोरगी घरी आली. सायन्स घेतलेलं, मार्क बरे. म्हणाली, "काका, पर्यावरण शिकून नोकरी लागते का?" मला लगेच उत्तर देता आलं नाही. मग चार ठिकाणी विचारलं, माहिती गोळा केली. तीच इथं देतोय, म्हणजे बाकीच्यांनाही उपयोग होईल.

हे शिक्षण आपल्या कामाचं का?

आपला खारेपाट भरती-ओहोटीवर जगतो. बाहेरकाठा शाबूत असेल तर भात, खांड गेली तर खारं पाणी. माझ्या स्वतःच्या शेतात एका उधाणाला खांड गेली. दुरुस्तीसाठी अर्ज केले, फेऱ्या मारल्या, पण बांध वेळेवर बांधला गेला नाही. दोन-तीन पावसाळ्यांत तिथं तिवराची रोपं उभी राहिली. आता ती तोडायची तर गुन्हा, ठेवायची तर शेत गेलं. सातबारा माझा आणि जमिनीवर कांदळवन. खारेपाटात असे शेतकरी बरेच आहेत.

यामागं कायदे आहेत. खारबंदिस्तीसाठी १९७९ चा महाराष्ट्र खारभूमी विकास अधिनियम. किनाऱ्यासाठी सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना. ती १९९१ साली आली, २०११ ला बदलली आणि २०१९ ला पुन्हा नव्यानं आली. कांदळवनं त्यात सगळ्यात कडक वर्गात येतात. त्यांचं क्षेत्र १००० चौरस मीटरपेक्षा जास्त असेल तर भोवती ५० मीटरचा पट्टा मोकळा ठेवावा लागतो. मुंबई उच्च न्यायालयानंही २००५ आणि २०१८ मध्ये कांदळवनतोडीवर कडक आदेश दिले. कांदळवन वाचलं पाहिजे, उधाणाचा जोर तेच अडवतं. पण फुटलेल्या बांधाआड वाढलेलं कांदळवन आणि खाडीतलं जुनं कांदळवन यातला फरक नकाशावर दाखवून देणारा माणूस आपल्या बाजूला नसतो.

दुसरा विषय गणपतीच्या कारखान्यांचा. जोहे, हमरापूर, कळवे, तांबडशेत, दादर या पट्ट्यात घराघरात मूर्ती होतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मे २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत पीओपीला मनाई आली. मग कोर्टकचेरी. जून २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं मूर्ती बनवायला आणि विकायला मोकळीक दिली, पण विसर्जनावरच्या अटी राहिल्या. त्या काळात किती कारखानदारांची झोप उडाली ते इथं प्रत्येकाला माहीत आहे. पर्यावरण धोरण म्हणजे काय ते आपण पुस्तकातून नाही, कारखान्यातूनच शिकलो.

कुठं काय शिकता येतं?

मत्स्यशास्त्र (बीएफएससी) : चार वर्षांची पदवी. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, ते दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचं. बारावी सायन्सला जीवशास्त्र ठेवलेलं बरं, आणि एमएचटी-सीईटी द्यावी लागते. पुढं शिकायचं तर मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. तिथं पदव्युत्तर आणि पीएचडी होते, प्रवेश देशपातळीवरच्या परीक्षेतून.

कृषी : याच विद्यापीठाचं खारभूमी संशोधन केंद्र आपल्या पनवेलला आहे. खाऱ्या जमिनीत टिकणाऱ्या पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ या भाताच्या जाती तिथूनच आल्या. बीएससी कृषी करून खाऱ्या जमिनीचा अभ्यास करणारा पोरगा घरच्या शेतालाही कामाला येईल.

समुद्र विज्ञान : गोवा विद्यापीठात सागरी विज्ञानाची एमएससी आहे. आधी विज्ञानाची पदवी लागते, मग विद्यापीठाची प्रवेश परीक्षा. गोव्यातच दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, संशोधनाची आवड असलेल्यांनी तिकडं लक्ष ठेवावं.

पर्यावरण विज्ञान आणि धोरण : बीएससीनंतर पुण्याला सावित्रीबाई फुले विद्यापीठात किंवा भारती विद्यापीठाच्या पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्थेत एमएससी करता येते. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत हवामान बदल आणि शाश्वततेचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं.

इंजिनीअरिंगची वाट : आपल्याच जिल्ह्यात लोणेरेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. तिथून किंवा दुसरीकडून सिव्हिल करायचं आणि गेट परीक्षा देऊन पुढं आयआयटी मुंबईत पर्यावरण किंवा आयआयटी मद्रासला सागरी अभियांत्रिकी घ्यायची. बांध, उघाडी, जेट्टी, धूप हे सगळं याच विषयात येतं.

आर्ट्सवाल्यांसाठी : भूगोल घ्या आणि जीआयएस शिका, म्हणजे संगणकावर नकाशे करणं आणि उपग्रहाची चित्रं वाचणं. किंवा कायदा शिका. सीआरझेड समजणारा वकील तालुक्यात शोधून सापडत नाही.

नोकरीचं खरं काय?

खोटी आशा दाखवत नाही. 'पर्यावरण' नावाची पदवी घेतली आणि लगेच सरकारी नोकरी लागली असं होत नाही. जागा मोजक्या असतात. मत्स्यव्यवसाय विभाग, प्रदूषण नियंत्रण मंडळ, वन विभागाचा कांदळवन कक्ष आणि लोकसेवा आयोगाच्या वनसेवा परीक्षा, या सरकारी वाटा. खासगीत मोठ्या प्रकल्पांचे पर्यावरण अहवाल करणाऱ्या सल्लागार कंपन्या, बंदरं आणि कारखान्यांचे पर्यावरण विभाग. जीआयएस येत असेल तर संधी वाढते. निव्वळ पदवीवर थांबू नका, सोबत एक हातातलं कौशल्य ठेवा.

नोकरी सोडून आणखी एक उपयोग सांगतो. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणं बऱ्याच मोठ्या प्रकल्पांआधी जनसुनावणी घ्यावी लागते. किमान ३० दिवस आधी नोटीस निघते आणि अहवालाचा सारांश मराठीतही द्यावा लागतो. सुनावणीला आपण शे-दोनशे माणसं जातो, घोषणा देतो आणि परत येतो. अहवालात आपल्या खाडीबद्दल काय लिहिलंय ते वाचून, कुठल्या पानावर चूक आहे ते दाखवणारं गावातलं एक जरी पोर असेल तर इतिवृत्तात ती हरकत नोंदवली जाते.

फी आणि कागदपत्रं

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ झालं. अट अशी की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत हवं आणि प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतूनच झालेला हवा. व्यवस्थापन कोट्याला सवलत नाही. मुलांनी महाडीबीटी पोर्टलवर राजर्षी शाहू शिष्यवृत्ती आणि पंजाबराव देशमुख वसतिगृह भत्ता बघावा.

उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, जातीचा दाखला, जात पडताळणी, नॉन-क्रिमीलेयर हे कागद निकालाच्या आधीच काढून ठेवा. लावणीच्या दिवसात तहसीलला फेऱ्या मारायला कुणाला वेळ नसतो. आणि पैसे भरण्याआधी कॉलेजला आणि अभ्यासक्रमाला मान्यता आहे का ते यूजीसीच्या किंवा सीईटी सेलच्या वेबसाइटवर तपासा. एजंटच्या माहितीपुस्तकावर जाऊ नका.

शेजारच्या पोरीला मी हे सगळं सांगितलं. तिनं मत्स्य आणि कृषी दोन्हीचे फॉर्म भरायचं ठरवलंय. तिच्या बापाचा प्रश्न होता, "रत्नागिरी लांब नाही का?" म्हटलं, पेणवरनं रत्नागिरीला रेल्वे आहे, आणि पोरगी सुट्टीला घरी येणारच आहे. तुमच्या घरात बारावीचं पोर असेल तर हा लेख त्याला वाचायला द्या, आणि दाखले काढायला या आठवड्यातच सुरुवात करा.