सक्तीचा बाद आणि शिवून बाद

सॉफ्टबॉलचा सामना प्रथमच पाहणारा मनुष्य बहुधा एकाच ठिकाणीं अडखळतो. चेंडू हातांत घेऊन एका खेळाडूनें बेसवर नुसतें पाऊल ठेवलें, कीं धांवणारा गडी बाद होतो. थोड्या वेळानें त्याच बेसवर तसेंच घडतें, आणि आतां पंच दोन्ही हात आडवे पसरून गडी सुरक्षित असल्याची खूण करतात! ही पंचांची लहर नव्हे. तिच्यामागें एक साधें तत्त्व आहे.

श्रोत्यांनीं डोळ्यांपुढें एक चौकोन आणावा. मोठ्यांच्या सामन्यांत त्याची प्रत्येक बाजू ६० फूट असते. एका कोपऱ्यावर होम प्लेट, म्हणजे फलंदाजाचें घर. उरलेल्या तिहींवर पहिला, दुसरा व तिसरा बेस. हे क्रमानें शिवून जो घरीं परततो त्याची एक धांव. मात्र एका बेसवर एकाच गड्याचा हक्क.

आतां पहिल्या बेसवर एक गडी उभा आहे आणि फलंदाजानें चेंडू जमिनीवरून टोलविला. फलंदाजास पहिल्या बेसकडे धांवलेंच पाहिजे. म्हणून तेथील गड्यास जागा सोडून दुसऱ्याकडे जाणें प्राप्तच आहे. मागून येणाऱ्यानें बिऱ्हाड घेतलें, मग जुन्या भाडेकऱ्यानें राहावें कोठें? ही ती सक्ती. अशा गड्याच्या आधीं चेंडूसह दुसऱ्या बेसला पाय लावला, कीं तो बाद. यास 'फोर्स-आउट' म्हणतात. क्रिकेटमध्यें धांवचीत करतांना फलंदाजाच्या अंगास कोणी हात लावीत नाहीं, तसेंच हें.

परंतु पहिला बेस रिकामा असून गडी दुसऱ्यावर असेल, तर त्याला कोणीच ढकलीत नाहीं. तो तिसऱ्याकडे निघाला तर आपखुषीनें निघाला, आणि वाटल्यास मागें फिरूं शकतो. त्याला बाद करावयाचें तर मुलांच्या शिवाशिवीप्रमाणें प्रत्यक्ष शिवावें लागतें, तेंही चेंडूनें किंवा चेंडू धरलेल्या हातानें. चेंडू एका हातांत आणि स्पर्श दुसऱ्या रिकाम्या हाताचा, हें चालत नाहीं. हा 'टॅग'. तेव्हां पाहणाऱ्यानें एवढेंच विचारावें: या गड्याला मागें फिरण्यास जागा आहे काय?

खरी गंमत पुढेंच आहे. सक्ती क्षणांत नाहींशी होऊं शकते. पहिल्या बेसवरील रक्षकानें जमिनीवरचा चेंडू उचलून प्रथम आपल्याच बेसला पाय लावला, तर फलंदाज बाद झाला, ढकलणाराच गेला! पुढील गड्याला परतीची वाट मोकळी झाली, आणि दुसऱ्या बेसवर आतां त्याला शिवल्यावांचून गत्यंतर नाहीं. आरंभीं सांगितलेलें कोडें तें हेंच. चेंडू आधीं दुसऱ्याकडे व मग पहिल्याकडे गेला असता, तर दोघेही नुसत्या पावलानें बाद होते.

फलंदाजाचा झेल घेतला गेला तरी सक्ती उरत नाहीं. उलट गड्यांनींच आपापल्या बेसला परत शिवावें लागतें. ते परतण्यापूर्वीं चेंडू तेथें पोंचून दाद मागितली गेली, तर ते बाद होतात. दिसावयास हा फोर्स-आउट, पण तो नव्हे.

हा भेद धांवांच्या हिशेबांत महत्त्वाचा ठरतो. तिसरा बळी शिवून घेतला आणि तत्पूर्वीं दुसरा गडी घरीं पोंचला असेल, तर ती धांव धरतात. तोच बळी सक्तीचा असेल, तर गडी आधीं पोंचूनही धांव फुकट.

सॉफ्टबॉल हें बेसबॉलचें धाकटें भावंड, १८८७ सालीं शिकागोंत जन्मलेलें. सक्तीचा कायदा दोघांचा एकच. म्हणून थोरल्या घरची एक हकीकत येथें सांगण्याजोगी आहे. ता. २३ सप्टेंबर १९०८ रोजीं न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर न्यूयॉर्क जायंट्स व शिकागो कब्ज यांचा सामना चालला होता. नववा डाव, दोहोंकडे एकेक धांव, न्यूयॉर्कचे दोन गडी बाद. तिसऱ्या बेसवर मॅककॉर्मिक, पहिल्यावर फ्रेड मर्कल. ब्रिडवेलनें चेंडू दूर टोलविला, मॅककॉर्मिक घरीं आला आणि प्रेक्षक मैदानांत घुसले. सामना जिंकला असें समजून मर्कल दुसऱ्या बेसला न शिवतांच वाटेंतून वळला. शिकागोच्या जॉनी एव्हर्सनें चेंडू मागवून त्या बेसवर पाय ठेवला. तो चेंडू खरा कीं भलताच, यावर पुढें पुष्कळ वाद माजला. पण पंच ओडे यांनीं मर्कलला बाद दिलें. बळी तिसरा आणि सक्तीचा, म्हणून धांव रद्द झाली व सामना बरोबरींत राहिला. हंगामाच्या अखेरीस दोन्ही संघ बरोबरीनें अग्रस्थानीं आले, आणि ८ ऑक्टोबरला तोच सामना पुन्हां खेळावा लागला. शिकागोनें तो ४-२ असा जिंकून अजिंक्यपद नेलें. त्या वेळीं मर्कल अवघा १९ वर्षांचा होता.