शेतकी शिक्षणातील गृहप्रकल्पाचे तत्त्व

माध्यमिक शाळेत शेती हा विषय शिकवावयाचा तर त्यास प्रात्यक्षिकाची जोड हवी, याविषयी सहसा मतभेद नसतो. मात्र विद्यार्थ्याच्या हाती कुदळ दिली म्हणजे प्रात्यक्षिक घडले, ही समजूत तपासून पाहावयास हवी. त्या दृष्टीने अमेरिकेतील गृहप्रकल्प-पद्धतीचा इतिहास उद्बोधक आहे.

मॅसॅच्युसेट्स राज्यातील नॉर्दॅम्प्टन येथे १९०८ साली सुरू झालेल्या शेतकी विद्यालयाचे संचालक रूफस स्टिम्सन हे या पद्धतीचे प्रवर्तक होत. शाळेच्या शेतावर पिकाची निवड, खर्च व नफातोटा यांची जबाबदारी शाळेची असते. विद्यार्थ्याच्या वाट्यास उरते ती केवळ मजुरी. यावर उपाय म्हणून विद्यार्थ्याने घरच्या शेतावर स्वतःचा एखादा लहान उद्योग चालवावा, असे त्यांनी योजिले. हा उद्योग भाजीच्या वाफ्याचा असो वा कुक्कुटपालनाचा, त्याचा क्रम ठरलेला असे: प्रथम विषयाचा अभ्यास, मग लेखी योजना, प्रत्यक्ष काम, नियमित जमाखर्च आणि अखेरीस फलिताची चिकित्सा. शिक्षक घरोघर जाऊन मार्गदर्शन करी. शेतीचा मुख्य हंगाम उन्हाळी सुटीत येत असल्याने शिक्षकाची नेमणूक वर्षभराची असणे ओघानेच आले.

१९११ साली मॅसॅच्युसेट्सच्या कायद्याने या पद्धतीस आधार दिला. पुढे १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने, संघराज्याचे अनुदान घेणाऱ्या शेतकी वर्गांस वर्षातून किमान सहा महिने देखरेखीखालील प्रत्यक्ष कामाची अट घातली. हे काम शाळेच्या अथवा अन्य शेतावर करण्याची मुभा होती.

तथापि या पद्धतीच्या मुळाशी एक गृहीत आहे, ते म्हणजे विद्यार्थ्याच्या घरी शेत असणे. ज्याच्या घरी जमीन नाही, त्याने प्रकल्प कोठे करावा? शेतावर राहणाऱ्या कुटुंबांची संख्या घटू लागली तसा हा प्रश्न तीव्र झाला. १९६३ च्या व्यावसायिक शिक्षण कायद्याने शेतीशी संबंधित अन्य व्यवसायांचे शिक्षणही मान्य केले आणि त्यासाठी शेतावरील कामाची अट सैल केली.

महाराष्ट्रात या प्रश्नाकडे निराळ्या दिशेने पाहिले गेले. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापिला. तेथे विकसित झालेल्या शालेय कार्यक्रमात शेती व पशुपालन यांसह अनेक कौशल्ये हाताने काम करून शिकविली जातात आणि विद्यार्थी गावास सेवा पुरवितात. येथे प्रकल्पाचे क्षेत्र घरची जमीन नसून गाव आहे. त्यामुळे भूमिहीनाच्या मुलासही त्यात स्थान मिळू शकते.

या दोन्ही उदाहरणांवरून एक निकष हाती येतो. शेतकी प्रात्यक्षिकाचे मूल्यमापन करताना कामाचे तास अथवा शाळेच्या जमिनीचे क्षेत्रफळ मोजणे पुरेसे नाही. निर्णय कोणी घेतला, हिशेब कोणी ठेवला आणि पीक बुडाले तेव्हा त्याची कारणे कोणी शोधली, हे पाहावयास हवे. त्याचबरोबर, ही संधी वर्गातील कोणत्या मुलांस मुळीच मिळाली नाही, याचीही नोंद अभ्यासकाने घेणे अगत्याचे आहे.