घराचा खर्च मातीपासून मोजा

परभणीत घर बांधायला काढलं की पहिला प्रश्न ठरलेला: "चौरस फुटाला काय भाव?" क्षेत्रफळाला भावाने गुणलं की ढोबळ आकडा मिळतो, पण जमिनीखाली काय आहे, ते त्यात दिसत नाही.

जिल्ह्यातली काळी माती कापसाला उत्तम, पायाला मात्र अवघड. तिच्यातलं माँटमोरिलोनाइट हे खनिज पावसाळ्यात पाणी शोषून फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं. उथळ पाया त्याबरोबर वर-खाली होतो आणि भिंतींना भेगा जातात. म्हणून मुरूम लागेपर्यंत खोदावं लागतं.

समजा, पायाच्या चरांची एकूण लांबी 100 फूट आणि रुंदी 3 फूट आहे. मुरूम 3 फुटांवर लागला तर खोदाई 900 घनफूट, म्हणजे 9 ब्रास. 6 फुटांवर लागला तर 18 ब्रास. खोदाई दुप्पट, शिवाय पायाचं बांधकामही वाढतं. स्लॅब मात्र तेवढाच. माती फारच खोल असेल, तर रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेले, तळाशी फुगीर कंद असलेले पाइल हा एक पर्याय असतो.

तेव्हा आधी प्लॉटवर चाचणी खड्डा घ्या. मग अभियंत्याकडून बाबवार अंदाजपत्रक करून घ्या: खोदाई, काँक्रीट, लोखंड, विटा, गिलावा, फरशी, नळ, वीज. सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची बाजारभावाशी ताडून पाहा. आणि ठेकेदाराशी बोलताना पायाचा दर वेगळा, ब्रासवर ठरवा. चौरस फुटात गुंडाळू देऊ नका.