तबकडीवर चढलेला खेळ

आमच्या सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्याचा भोंगा होतो, त्याला कोणी संगीत म्हणत नाही. मग नाणे टाकून खेळायच्या व्हिडिओ गेममधून जे ‘टुक् टुक्, बीप बीप’ निघते, त्याची ध्वनिमुद्रिका काढावी असे कोणाला वाटले तर? जपानमधील अल्फा रेकॉर्ड्स या कंपनीने १९८४ साली खरोखरच तसे केले. ‘यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा’ या वाद्यवृंदातील हारुओमी होसोनो यांनी ही तबकडी तयार केली. तिचे नाव ‘व्हिडिओ गेम म्युझिक’. तीत नामको कंपनीच्या ‘पॅक-मॅन’, ‘झेव्हियस’, ‘मॅपी’ इत्यादी खेळांचे सूर होते.

गंमत अशी की, खेळाच्या यंत्रात हे संगीत मुद्रित केलेले नव्हतेच! १९८० सालच्या पॅक-मॅनची सारी आज्ञावली १६ किलोबाइटांत मावते. सीडीवरच्या संगीताला मात्र एका सेकंदाला १,७६,४०० बाइट लागतात. म्हणजे इतक्या जागेत सेकंदाच्या दहाव्या भागाचेही गाणे बसणार नाही. ‘सा’ म्हणेपर्यंत संपले!

मग युक्ती काय? एक आलेख-कागद घ्या. त्यावर आडवी ३२ घरे व उभी १६ घरे मोजा. प्रत्येक उभ्या रांगेत हवा तेथे एकेक ठिपका द्या आणि ठिपके ओळीने जोडा. ही झाली तुमची एक लहर. पॅक-मॅनच्या यंत्रात अशा काही ठरावीक लहरी ३२-३२ अंकांच्या रूपाने साठवलेल्या असतात. यंत्र ते अंक क्रमाने वाचते, त्यांच्या प्रमाणात विद्युत दाब कमीजास्त करते, आणि शेवट आला की पुन्हा पहिल्या अंकापासून सुरुवात करते. सेकंदाला अशा ४४० फेऱ्या झाल्या, म्हणजे १४,०८० अंक वाचले गेले, की ४४० हर्ट्झचा स्वर निघतो. वेग दुप्पट केला की तोच स्वर वरच्या सप्तकात जातो. लहरीचा आकार बदलला तर स्वर तोच राहून आवाजाची जात बदलते; बासरी आणि हार्मोनियम यांच्यात फरक असतो ना, तसा. असे तीन आवाज एकाच वेळी काढता येतात.

कोणता स्वर किती वेळ, एवढे संगीतकाराने लिहून द्यायचे. पं. भातखंडे यांच्या स्वरलिपीत बंदिश लिहावी तसेच हे. फरक एवढाच, की येथे वाद्य आणि वादक दोघेही त्याच पेटीत बसलेले! झेव्हियसचे संगीत युरिको केइनो यांचे, मॅपीचे नोबुयुकी ओनोगी यांचे. त्या काळी खेळाच्या पडद्यावर संगीतकाराचे नाव सहसा येतच नसे.

पण वाद्य पेटीत असल्यामुळे पेटी बिघडली की सूरही गेला. तबकडीने तो सूर यंत्रापासून सोडवला. मात्र त्यात काही हरवलेही. खेळणाऱ्याचा डाव संपला की धून तेथेच तुटते. तबकडीवर ती दर वेळी तीच आणि तेवढीच. मला विचाराल तर हा तोटा लहान नाही.

खेळ आणि ध्वनी यांचे नाते उलट्या दिशेनेही जुळले. १९६६ साली निघालेली पोनी ही कंपनी संगीताच्या ध्वनिफिती विकत असे. पुढे ती संगणकाचे खेळही विकू लागली. १९८७ साली तिचे कॅन्यन या ध्वनिमुद्रिका कंपनीशी एकीकरण होऊन पोनी कॅन्यन झाली, आणि त्याच वर्षी तिने ‘अल्टिमा’ हा अमेरिकन खेळ जपानच्या फॅमिकॉम यंत्रासाठी काढला. गेम-संगीताच्या मुद्रिकाही तिने विकल्या.

त्या काळी घरगुती संगणकांचे बरेच खेळ साध्या कॅसेटवर मिळत, म्हणजे खेळच आवाजाच्या रूपाने साठवलेला असे. जपानमध्ये गाजलेल्या एमएसएक्स संगणकांत शून्यासाठी १२०० हर्ट्झचे एक आवर्तन आणि एकासाठी २४०० हर्ट्झची दोन आवर्तने असा संकेत होता. दोन्हींना वेळ सारखाच लागतो, हे तुम्हीच ताडून पाहा. सेकंदाला १२०० बिट, आणि एका बाइटला आगेमागेच्या खुणा धरून ११ बिट. या हिशेबाने १६ किलोबाइटांचा खेळ संगणकात उतरायला सुमारे अडीच मिनिटे लागत; आणि मध्येच फीत गुरफटली, तर सारे पुन्हा पहिल्यापासून.