शेंडी ते शेंडी
सायकलवरून, आपल्या नळाच्या पाण्याचा माग काढत

दोस्तांनो, आपल्या जिल्ह्यात शेंडी नावाची दोन गावं आहेत, ठाऊक आहे का? जिल्हा म्हणजे २०२४ पर्यंतचा अहमदनगर आणि आताचा अहिल्यानगर. पहिली शेंडी आमच्या नागापूरच्या शेजारी, छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्यावर. दुसरी थेट सह्याद्रीच्या कुशीत, अकोले तालुक्यात, भंडारदरा धरणाच्या भिंतीजवळ. दोघींमध्ये सुमारे दीडशे किलोमीटरचं अंतर. गेल्या हिवाळ्यात आम्ही दोन्हीकडे सायकली फिरवल्या. आम्ही म्हणजे मी, माझी सातवीतली भाची, तिचा नववीतला भाऊ आणि शेजारचा त्याचा मित्र.

याची सुरुवात झाली एका फोटोवरून. भाच्यानं कुठेतरी 'ग्रॅव्हल बाइक' पाहिली आणि हट्ट धरला, "मामा, मला हीच पाहिजे!"

ग्रॅव्हल म्हणजे खडी, मुरूम. डांबर संपून कच्चा रस्ता लागला तरी न अडखळता जाणारी ही सायकल. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखं खाली वळलेलं, पण टायर रुंद, साधारण ४० मिलिमीटरचे. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात अशा रस्त्यांवरची २०० मैलांची एक शर्यत २००६ साली सुरू झाली, आणि २०२२ मध्ये इटलीत या खेळाची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धासुद्धा झाली.

मी भाच्याला म्हटलं, "आधी पट्टी आण." आजोबांची जुनी काळी सायकल भिंतीला टेकून उभी होती. टायरवर छापलं होतं, २८ गुणिले दीड. दीड इंच म्हणजे ३८ मिलिमीटर! दूधवाले, पोस्टमन आणि शेतकरी ज्या सायकलींवर वर्षानुवर्षं मुरमाड रस्ते तुडवत आले, त्यांचे टायर या नव्या सायकलीइतकेच रुंद होते. गिअर नव्हते, एवढंच. तेव्हा ठरलं, आहे त्याच सायकलींवर निघायचं.

पहिली फेरी : घराजवळची

पहाटे नागापुरातून निघालो. एमआयडीसीचे भोंगे मागे पडले, वडगाव गुप्ता गेलं, शेंडी आली आणि पिंपळगाव माळवीचा तलाव दिसला. पुढे डोंगरगण. तिथल्या झाडीच्या घळीला इंग्रजांच्या काळापासून 'हॅपी व्हॅली' म्हणतात. आजूबाजूला गोरक्षनाथ गड, मांजरसुंबा गड. नागापूरहून डोंगरगण साधारण पंधरा किलोमीटर, म्हणजे सरावाला अगदी बेताचं.

डांबर सोडून पायवाटेला लागलो मात्र, दहा मिनिटांत भाचीच्या टायरमध्ये सराटा घुसला. फुस्स! पंक्चर काढता काढता तिनं तलावाकडे बोट दाखवलं.

"मामा, आपल्या नळाला हेच पाणी येतं?"

"एके काळी नगर शहराला येत होतं. आता आपलं पाणी येतं मुळा धरणातून. विळदला मोठे पंप आहेत, ते पाणी पुढे ढकलतात."

"आणि मुळेत कुठून येतं?"

"हरिश्चंद्रगडाच्या डोंगरांतून."

"मग तिकडेच जाऊ या की!"

झालं! दुसऱ्या फेरीचा बेत तिथेच ठरला.

दुसरी फेरी : धरणाभोवती

फेब्रुवारीत सायकली टेम्पोत टाकल्या आणि संगमनेर, अकोले, राजूर करत दुसऱ्या शेंडीला मुक्कामाला गेलो. सकाळी समोर भंडारदऱ्याचं धरण! प्रवरा नदीवरचं हे धरण १९२६ साली पूर्ण झालं. दगडी भिंत २७० फूट उंच, पोटात ११ टीएमसी पाणी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, आता करा हिशेब!

या जलाशयाला वळसा घालणारा रस्ता आहे. शेंडी, मुरशेत, पांजरे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, मुतखेल आणि परत शेंडी. सगळा मिळून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. डांबर कुठे आहे, कुठे उखडलंय, तर कुठे नुसती खडी. उजव्या हाताला राज्यातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर. डाव्या हाताला झाडांतून लुकलुकणारं पाणी. हिरडा, बेहडा, जांभूळ, करवंदीच्या जाळ्या. हे सगळं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य, १९८६ साली जाहीर झालेलं. नशीब असेल तर शेकरूही दिसतो. आम्हाला नाही दिसला, वानरं मात्र भरपूर दिसली.

घाटघरला जमीन एकदम संपते! समोर सरळसोट कडा आणि खाली कोकण. अरबी समुद्रावरून आलेले ढग या भिंतीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि इथेच बरसतात. कित्येक वर्षी घाटघरला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस होतो. डोंगर ओलांडून नगरकडे येईतो ढगांची झोळी रिकामी होते, म्हणून आपल्याकडे सहाशे मिलिमीटरसुद्धा पडायची मारामार. आणि दोन्ही गावं एकाच जिल्ह्यातली!

घाटघरला एक गंमत आणखी आहे. २००८ पासून इथे २५० मेगावॉटचा वीज प्रकल्प चालतो. विजेची गरज वाढली की वरच्या धरणातलं पाणी बोगद्यातून कोकणातल्या खालच्या धरणात सोडून वीज करतात. गरज कमी असताना तेच पाणी पंपांनी परत वर चढवतात. पाण्याचा झोपाळाच म्हणा ना!

एक तांब्या पाणी

साम्रद सोडून रतनवाडीकडे निघालो आणि भाच्याची चेन तुटली. बाटल्या केव्हाच रिकाम्या झालेल्या. जवळच्या वाडीतून एक आजी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. "प्या रं पोरांनो, दमला असाल." आम्ही घटाघटा प्यायलो. भाचीनं तर उरलेलं तोंडावरही मारलं. आजींनी ते पाहिलं, पण काही बोलल्या नाहीत.

भाचीनंच विचारलं, "आजी, तुमची मजा आहे. समोर केवढं पाणी!"

आजी हसल्या. "आत्ता ठीक हाय, बाय. वैशाखात ये. झरा आटला म्हंजी वाटी-वाटीनं हंडा भरावा लागतो. धरण उशाला अन् कोरड घशाला!"

एवढा पाऊस पडून असं कसं? वाडी उंचावर, जलाशय खाली. इथला काळा कातळ पाणी फारसं मुरू देत नाही. पाऊस येतो तसा धो धो वाहून जातो. धरणात साठतो, त्याचं पाणी पुढे कालव्यांनी खालच्या तालुक्यांतल्या उसाला जातं. मी समोरच्या डोंगररांगेकडे बोट केलं. "त्या रांगेच्या पलीकडे मुळेचं खोरं. आपल्या नळाला येतं ते पाणी तिकडचं."

भाची बराच वेळ गप्प होती. निघताना तिनं तांब्या घासूनपुसून आजींच्या हातात दिला.

चेन जोडून रतनवाडीला पोचलो. तिथलं अमृतेश्वराचं कोरीव दगडी मंदिर पाहिलं आणि अंधार पडायच्या आत शेंडी गाठली.

तुम्हीही निघणार असाल तर...

● ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. भर पावसात घाटरस्ते निसरडे असतात, धुकंही दाट.

● कच्च्या रस्त्यावर टायरची हवा जरा कमी ठेवा. कडक टायर प्रत्येक दगडावर उडतो, मऊ टायर दगड पोटात घेतो आणि जमीन धरून ठेवतो. फार कमी मात्र नको, नाहीतर रिमचा दगडावर दणका बसून ट्यूब फाटेल.

● उतारावर वळण यायच्या आधीच वेग कमी करा. खडीवर पुढचा ब्रेक एकदम दाबलात, तर तोंडावर आपटलातच समजा.

● हेल्मेट, पंक्चरचं सामान, पंप, चेनची जोडकडी आणि प्रत्येकी दोन बाटल्या पाणी हवंच. सोबत मोठं माणूस हवं.

● अभयारण्यात रस्ता सोडू नका. गोंगाट नको, आणि नेलेला कचरा घरी परत आणा.

● जलाशयात पोहायला उतरू नका. कडेला गाळ असतो, खोलीचा अंदाज येत नाही.

घरी आल्यावर भाच्यानं ग्रॅव्हल बाइकचा हट्ट सोडला का? छे! अजून चालूच आहे. भाचीनं मात्र भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा लावलाय. हरिश्चंद्रगडापासून आमच्या नळापर्यंत तिनं निळ्या पेन्सिलीनं रेघ ओढली आहे. त्या रेघेवरची कितीतरी गावं अजून पाहायची राहिली आहेत.

तुमच्या नळाची रेघ कुठून सुरू होते? नकाशा काढा, आईबाबांना विचारा आणि टायरमध्ये हवा भरा!