जुन्या गाडीच्या ब्रेकची गळती : निदान आणि उपचार

मोटरगाडी ही व्हिजिटला जाण्याची गरज होती, त्या काळी डॉक्टरांच्या दारात उभी असे ती बहुधा फियाट. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ही गाडी आधी फियाट नावाने आणि १९७० च्या दशकापासून ‘प्रीमियर पद्मिनी’ म्हणून बाहेर पडू लागली. २००० च्या सुमारास उत्पादन थांबले. मुंबईतील पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ अखेर निवृत्त झाली. केंद्र सरकारने २०२१ साली ५० वर्षांहून जुन्या वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ अशी स्वतंत्र नोंदणी सुरू केल्यापासून वडिलांची गाडी पुन्हा रस्त्यावर आणण्याच्या हौसेला नवे निमित्त मिळाले आहे.

ही हौस प्रथम रंगावर, मग इंजिनावर खर्च होते. इंजिन धडधडले की घरात पेढे वाटले जातात. वास्तविक, वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीबाबत पहिला प्रश्न ती चालते का हा नसून ती थांबते का, हा आहे.

ब्रेकची रचना वैद्यकीय वाचकास नवखी वाटू नये. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या द्रव पुढे ढकलतो. पास्कलच्या नियमानुसार तो दाब नळ्यांमधून चारही चाकांच्या सिलिंडरांत सारखाच पोहोचतो आणि ब्रेक शू ड्रमवर दाबले जातात. पायाचा जोर ३० किलो, पेडलची तरफ पाचपट आणि सिलिंडरचा व्यास १९ मिलिमीटर धरला, तर नळीतील दाब दर चौरस सेंटिमीटरला ५० किलोच्या वर जातो. आपल्या १२० मिलिमीटरच्या रक्तदाबाच्या तो तीनशेपटींहून अधिक झाला. एवढा दाब गंजलेली नळी किंवा तडकलेला रबरी होज किती वेळ सोसणार? शिवाय जुन्या गाड्यांत बहुधा एकच सर्किट असे. एका चाकाशी नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो आणि पेडल जमिनीला टेकते. उरतो तो तारेवर चालणारा हँडब्रेक, आणि त्यालाही गंज चढलेला असतोच.

सुरतेची हवा या यंत्रणेला मुळीच मानवत नाही. ब्रेकमधील ग्लायकॉलयुक्त द्रव हवेतील बाष्प शोषून घेतो. ‘डॉट ३’ प्रतीच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो. त्यात सुमारे पावणेचार टक्के पाणी मुरले की ही किमान मर्यादा १४० अंशांवर येते. अशी गाडी सापुताऱ्याचा घाट उतरू लागली की तापलेल्या सिलिंडरात द्रव उकळून वाफ होते. वाफ दाबली जाते, पण चाकापर्यंत दाब नेत नाही. हेच पाणी सिलिंडरच्या भिंतींना आतून खड्डे पाडते. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून सोडलेल्या पाण्याने तापीने शहराचा बहुतांश भाग व्यापला होता. त्या पुरात जी गाडी बुडाली असेल, तिच्या ब्रेकमधील एकही भाग विनातपासणी विश्वासार्ह मानू नये.

आता निदान. टाकीतील पातळी खाली जात असेल, तर द्रव कोठेतरी बाहेर पडतोच आहे. जमिनीवरचा डाग इंजिन ऑइलचा की ब्रेकचा, हे ओळखण्याची युक्ती सोपी आहे : त्याचा थेंब पाण्यात टाकावा. ऑइल तरंगते, ब्रेकचा द्रव विरघळतो. नळ्यांचे सांधे, क्लिपांखाली घासलेल्या जागा, पुढचे दोन आणि मागच्या अ‍ॅक्सलजवळचा एक असे होज पाहावेत. बाहेर काहीच दिसत नसेल, तर ड्रम उघडावा. चाकाच्या सिलिंडरचे रबरी कप गळत असले, तर द्रव आतच शूवर झिरपतो. ही खरी फसवी गळती. भिजलेले लायनिंग पुसून पुन्हा वापरू नये, ते बदलावे. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे, त्यामुळे ड्रममधील धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने कधीही उडवू नये, ओल्या फडक्याने टिपावी. फुप्फुसांवरील त्याचे परिणाम या स्मरणिकेच्या वाचकांना सांगायला नकोत.

पातळी कायम, पण दाबून धरलेले पेडल सावकाश खाली जाते, तर दोष बहुधा मास्टर सिलिंडरच्या कपात असतो. पेडल स्पंजासारखे लागले, तर नळीत हवा आहे. पाय काढल्यावरही एखादे चाक अडखळत असेल, तर होज आतून फुगून अरुंद झालेला असू शकतो. बाहेरून धडधाकट, आतून स्टेनोसिस!

उपचारात माझे मत काहीसे कठोर आहे. एक नळी गळली म्हणजे त्याच वयाच्या बाकीच्या नळ्या निरोगी आहेत, असे समजू नये. सर्व नळ्या, तिन्ही होज आणि सर्व रबरी कप एकाच वेळी बदलावेत. मूळ भाग जपण्याचा आग्रह बंपरपुरता ठीक, होजपुरता नाही. नळी ब्रेकसाठीच बनवलेली, दुहेरी भिंतीची पोलादी किंवा तांबे-निकेल मिश्रधातूची असावी. काही मिस्त्री एअर कंडिशनरची तांब्याची नळी सुचवतात, ती हादऱ्यांनी कडक होऊन तडकते. फुटल्या जागी झाळकाम करणे किंवा रबरी तुकडा घालून क्लिप आवळणे, हे तर सर्वस्वी वर्ज्य. नळीचे तोंड फुलवताना दुहेरी फ्लेअर हवा. त्याआधी नट नळीत ओवून घ्यावा. हे विसरणारे पुष्कळ असतात आणि मग नवे तोंड कापावे लागते. सिलिंडरला आत खड्डे असतील, तर नवा कप बसवूनही तो गळणार. तेथे सिलिंडरच बदलावा.

गॅरेजमध्ये या द्रवाला सर्रास ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात. या शब्दाने बरेच नुकसान केले आहे. खनिज तेलाचा थोडासा अंशही रबरी कप फुगवून निकामी करतो, म्हणून भाग धुण्यास रॉकेल किंवा पेट्रोल नको. दवाखान्यातील आयसोप्रोपिल अल्कोहोल उत्तम. आणखी एक सावधगिरी : द्रव नळीने तोंडाने ओढण्याची सवय घातक आहे. अनेक ब्रेक द्रवांत डायएथिलीन ग्लायकॉल असते. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनमुळे जे रुग्ण दगावले, त्यास कारण ठरले ते हेच रसायन. डबा मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा. रंगावर थेंब सांडला, तर लगेच पाण्याने धुवावा.

शेवटी हवा काढणे. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरचे चाक प्रथम, म्हणजे आपल्याकडे मागचे डावे, मग मागचे उजवे, पुढचे डावे, पुढचे उजवे. ब्लीडर निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक द्रव असलेल्या बाटलीत बुडवावे आणि बुडबुडे थांबेपर्यंत सहायकाने पेडल सावकाश दाबावे. जुना मास्टर सिलिंडर ठेवला असेल, तर पेडल तळापर्यंत नेऊ नये. न वापरलेल्या भागातील गंजावर घासून कप फाटतो. टाकी रिकामी होऊ देऊ नये आणि बाटलीतला द्रव परत वापरू नये.

त्यानंतर पेडल मिनिटभर जोराने दाबून धरावे आणि प्रत्येक सांध्यास कोरडा कागद टेकवून पाहावा. रात्रभर गाडी उभी ठेवून सकाळी तेच पुन्हा करावे. पहिली फेरी मोकळ्या मैदानात, संथ गतीने, हँडब्रेक तपासून मगच घ्यावी. द्रव दर दोन वर्षांनी बदलावा आणि बदलल्याची तारीख टाकीजवळ चिकटवावी. गेल्या पावसाळ्यात उघडलेला अर्धा डबा कपाटात असेल, तर तो गॅरेजच्या वापरलेल्या द्रवांच्या पिंपात जमा करून नवा, सीलबंद डबा आणावा.