कॉड : अटलांटिकमधील द्रौपदीची थाळी

लहानपणी चमचाभर कॉड लिव्हर ऑइल नाक दाबून गिळल्याची आठवण आपल्यापैकी अनेकांना असेल. मुलाला मुडदूस होऊ नये म्हणून आई ते आग्रहाने पाजीत असे. पण ज्या माशाच्या यकृतातून हे तेल निघते, त्याची कहाणी आपणांस ठाऊक आहे काय?

कॉड हा उत्तर अटलांटिक महासागराच्या थंड पाण्यातील रहिवासी. पाठीवर तीन पर आणि हनुवटीखाली लोंबणारा मिशीसारखा एक तंतू ही त्याची खूण. समुद्रतळाजवळ फिरून लहान मासे, खेकडे जे मिळेल ते तो गट्ट करतो. मोठी मादी एका हंगामात लक्षावधी अंडी घालते; मात्र त्यांतून फारच थोडी पिले मोठी होतात.

कॉडची चरबी मांसात न साठता मुख्यतः यकृतात साठते. त्यामुळे माणसाचा दुहेरी लाभ झाला. यकृतातून अ आणि ड जीवनसत्त्वांनी युक्त तेल मिळाले, आणि चरबीविरहित मांस वाळवून दीर्घकाळ टिकविता आले. नॉर्वेच्या किनाऱ्यावर लाकडी मांडवांवर कॉड वाळत घालतात. बोंबील वाळविणाऱ्या आपल्या कोळीवाड्यांना हे दृश्य परके वाटणार नाही. बर्फाची सोय नव्हती त्या काळी दूरच्या सफरीवर खलाशांचा निर्वाह याच सुक्या माशावर होई.

१४९७ साली जॉन कॅबट न्यूफाउंडलंडच्या बाजूस जाऊन आला, तेव्हा तेथे टोपल्या बुडवून मासे काढता येतात, अशी वार्ता युरोपात पसरली. ही द्रौपदीची थाळी कधीच रिती होणार नाही, अशी लोकांची खात्री झाली. पण १९५० नंतर प्रचंड जाळी ओढणारी आणि मासे जागीच गोठविणारी जहाजे आली. १९६८ साली या भागात सुमारे आठ लाख टन कॉड पकडला गेला. पुढे साठा झपाट्याने आटला, आणि २ जुलै १९९२ रोजी कॅनडा सरकारला येथील मासेमारीवर बंदी घालावी लागली. तीस हजारांहून अधिक लोकांचा रोजगार गेला. दोन वर्षांसाठी म्हणून घातलेली ती बंदी २०२४ साली उठली, तीही केवळ १८,००० टनांची मर्यादा घालून.

लक्षावधी अंडी घालणाऱ्या माशालाही माणसाची हाव पुरी पडली नाही. द्रौपदीच्या थाळीला सूर्याचे वरदान होते. समुद्राच्या थाळीला आपल्या संयमाखेरीज दुसरे वरदान नाही.